निवड संघाची, कसोटी समाजाची

प्रस्तावना

मोठ्या सामन्याच्या आधी संघाची यादी जाहीर होते. यादीत नावे मोजकीच असतात. पण ती वाचल्यावर चर्चा रंगते ती यादीत नसलेल्या नावांची. 'अमक्याला का घेतले?' आणि 'तमक्याला का वगळले?' हे दोन प्रश्न चहाच्या टपरीपासून वर्तमानपत्राच्या कचेरीपर्यंत सर्वत्र विचारले जातात. निवड करणाऱ्याला त्यांची उत्तरे द्यावी लागतात. कधी त्याचे उत्तर लोकांना पटते, तर कधी सामना संपेपर्यंत कोणालाच पटत नाही.

जागा थोड्या आणि इच्छुक पुष्कळ, अशी स्थिती केवळ खेळातच असते असे नाही. नोकरीची भरती, सहकारी संस्थेचे संचालक मंडळ, गावची समिती, कारखान्यातील मुकादमाची नेमणूक, या सर्व ठिकाणी कोणीतरी कोणाची तरी निवड करीत असते. त्या निवडीत गुण पाहिला जातो की ओळख, काम पाहिले जाते की जात, यावरून त्या समाजाची पारख होते.

प्रस्तुत पाठात एका गाजलेल्या निवडीची हकिकत सांगितली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यामुंबईच्या क्रिकेट संघांनी चर्मकार समाजातील एका तरुणाला संघात घेतले. त्या काळी ही निवड रूढीविरुद्ध होती. ती कशी झाली, तिच्यामुळे काय साधले आणि काय साधायचे राहून गेले, हे आपण पाहणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
– संघनिवडीमागील विचार स्पष्ट करता येईल;
– बाळू पालवणकर व त्यांचे बंधू यांच्या कार्याची माहिती सांगता येईल;
– संघात स्थान मिळणे आणि समान प्रतिष्ठा मिळणे यांतील फरक उदाहरणांसह सांगता येईल;
– आपल्या परिसरातील निवडीच्या प्रसंगांकडे चिकित्सक दृष्टीने पाहता येईल.

मूळ पाठ

१. संघ म्हणजे केवळ उत्तम खेळाडूंची बेरीज नव्हे

क्रिकेटच्या संघात अकरा खेळाडू असतात. सर्वांत जास्त धावा काढणारे अकरा फलंदाज एकत्र केले, तर चांगला संघ तयार होईल का? होणार नाही. कारण प्रतिपक्षाला बाद करण्यासाठी गोलंदाज हवेत, यष्टीमागे दक्ष यष्टिरक्षक हवा आणि चेंडू अडवणारे चपळ क्षेत्ररक्षकही हवेत. गोलंदाजांतही केवळ वेगवान गोलंदाज असून भागत नाही. खेळपट्टी कोरडी होऊन चेंडू वळू लागला, की फिरकी गोलंदाजाची गरज भासते. म्हणून निवड करणारा केवळ 'कोण चांगला?' एवढेच विचारीत नाही. 'या सामन्यात, या मैदानावर, या प्रतिस्पर्ध्यासमोर कोण हवा?' असा प्रश्न तो स्वतःला विचारतो.

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला, की पुष्कळदा उत्तर रूढ पद्धतीच्या बाहेर जाते. अलीकडचे एक उदाहरण रग्बी या खेळातील आहे. रग्बीत प्रत्येक संघाचे पंधरा खेळाडू मैदानावर असतात आणि आंतरराष्ट्रीय सामन्यात आठ राखीव खेळाडू ठेवता येतात. धक्काबुक्की सोसून चेंडूसाठी झुंजणारे धिप्पाड खेळाडू पुढच्या फळीत असतात, तर चेंडू घेऊन पळणारे चपळ खेळाडू मागच्या फळीत असतात. राखीव खेळाडूंमध्ये पुढच्या फळीचे पाच आणि मागच्या फळीचे तीन, अशी विभागणी बहुधा केली जाते. २०२३ साली पॅरिस येथे विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या प्रशिक्षकांनी राखीव आठांपैकी सात खेळाडू पुढच्या फळीचे घेतले आणि मागच्या फळीचा केवळ एक घेतला. मागच्या फळीतील दोघेतिघे जायबंदी झाले असते, तर संघ अडचणीत आला असता. परंतु उत्तरार्धात ताज्या दमाचे धिप्पाड खेळाडू उतरवून प्रतिपक्षाला थकवायचे, असा त्यांचा हिशेब होता. न्यूझीलंडविरुद्धचा तो सामना दक्षिण आफ्रिकेने १२ विरुद्ध ११ अशा केवळ एका गुणाने जिंकला.

हे धाडस डावपेचांचे होते. ते फसले असते तर प्रशिक्षकावर टीका झाली असती. त्यापलीकडे काही घडले नसते. निवडीतील दुसऱ्या प्रकारचे धाडस याहून अवघड असते. त्यात खेळाची पद्धत नव्हे, तर समाजाची रूढी मोडावी लागते. बाळू पालवणकर यांची निवड या दुसऱ्या प्रकारची होती.

२. खेळपट्टीवरचा कामगार

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. त्यांचे कुटुंब मूळचे कोकणातील पालवण गावचे. त्या गावावरूनच त्यांचे आडनाव आले. वडील लष्कराच्या सेवेत होते व त्यामुळे हे कुटुंब पुण्यात राहत असे. बाळू हे चार बंधूंमध्ये थोरले. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे त्यांचे धाकटे बंधू. लष्करातील साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू हेच या मुलांचे पहिले क्रीडासाहित्य होते.

त्या काळी चर्मकार समाज अस्पृश्य मानला जात असे. या समाजातील मुलांना शाळेची दारे सहसा बंद असत. बाळू यांनाही फार शिकता आले नाही. त्यांनी आरंभी पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याचे काम धरले. पुढे १८९२ च्या सुमारास ते इंग्रज साहेबांच्या पूना क्लबात लागले. तेथे महिना चार रुपये पगार होता. खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, पाणी मारायचे, रेषा आखायच्या, सरावासाठी जाळी बांधायची, ही त्यांची कामे होती. सवड मिळेल तेव्हा त्यांनी साहेबांना सरावासाठी चेंडू टाकावेत, असेही पुढे ठरले.

बाळू डावखुरे होते आणि मंदगती चेंडू टाकत असत. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडल्यावर साधारणपणे उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजापासून दूर, बाहेरच्या बाजूस वळतो. चेंडू किती उंच सोडायचा, कोठे टप्पा पाडायचा आणि किती वळवायचा, याचे गणित जमले, तर चांगला फलंदाजही फसतो. हे गणित बाळू यांना कोणी पुस्तकातून शिकवले नाही. ज्या जमिनीवर ते रोज रूळ फिरवीत, त्याच जमिनीवर ते रोज तासन् तास चेंडू टाकीत. माती कोठे ओलसर आहे, कोठे भेगाळली आहे आणि त्या ठिकाणी चेंडू कसा वागतो, हे त्यांच्याइतके जवळून पाहणारा दुसरा कोणी तेथे नव्हता. त्यांचे कामच त्यांची शाळा झाले.

पूना क्लबात जे. जी. ग्रेग नावाचे एक लष्करी अधिकारी होते. हॅम्पशायरसारख्या इंग्लिश परगण्याच्या संघाकडून खेळलेले ते नामांकित फलंदाज होते. ते इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळू यांना चेंडू टाकायला लावत. आपल्याला बाद केल्यास प्रत्येक वेळी ग्रेगसाहेब बाळू यांना आठ आणे देत, असे सांगितले जाते. चार रुपये मासिक पगार असलेल्या कामगाराला आठ आणे ही लहान रक्कम नव्हती. या सरावातून दोघांचाही खेळ सुधारला. मात्र पूना क्लबात बाळू यांना सरावात फलंदाजी करण्याची संधी कधी मिळाली नाही. घाम गाळून चेंडू टाकणे हे नोकराचे काम, तर फलंदाजी हा साहेबांचा मान, अशी तेथील समजूत होती.

जरा विचार करा : बाळू यांना कोणी प्रशिक्षक नव्हता. मग त्यांच्या शिक्षणास कोणत्या गोष्टी कारणीभूत ठरल्या?

३. पुण्यातील पेच

पुण्यात हिंदू खेळाडूंचाही एक क्लब होता. युरोपीय संघाला हरवणे ही या क्लबाची मोठी आकांक्षा होती. त्याच युरोपीय संघातील फलंदाज सरावात ज्याच्या चेंडूंवर चकत होते, तो गोलंदाज शहरातच होता. त्याला आपल्या संघात घ्यावे, हा सरळ विचार होता. परंतु तो अमलात आणणे सरळ नव्हते.

क्लबाच्या सभासदांत दोन मते पडली. काही सभासद, विशेषतः तेलुगू खेळाडू, बाळू यांना घेण्यास अनुकूल होते. काही ब्राह्मण सभासदांना मात्र संकोच वाटत होता. संघात घेतले म्हणजे एकत्र खेळणे आले, एकत्र बसणे आले, चहापाणी आले. घरच्यांना काय सांगायचे, लोक काय म्हणतील, ही चिंता त्यांच्या मनात होती. या सुमारास ग्रेग यांनीही आपले मत जाहीरपणे मांडले. बाळूसारखा गोलंदाज हाताशी असताना त्याला बाहेर ठेवणे हा हिंदू संघाचा शुद्ध वेडेपणा ठरेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. अखेर गुणाचे पारडे जड झाले आणि बाळू यांना संघात घेण्यात आले.

निर्णय झाला, पण तो अर्धाच झाला. मैदानावर बाळू इतरांच्या बरोबरीने खेळत. त्यांनी टाकलेला चेंडू यष्टिरक्षक झेलत असे, क्षेत्ररक्षक अडवीत असत आणि तोच चेंडू हातोहात पुन्हा बाळू यांच्याकडे येत असे. तो चेंडूही कातड्याचाच होता. त्याच्या स्पर्शाने कोणी विटाळत नव्हते. परंतु चहाची वेळ झाली, की इतर खेळाडू मंडपात चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत आणि बाळू यांना बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यातून चहा दिला जाई. जेवणाच्या वेळीही त्यांचे ताट निराळे आणि बसण्याची जागा निराळी असे. मैदानाची सीमारेषा ओलांडली, की संघातील खेळाडू पुन्हा अस्पृश्य ठरत असे.

बाळू यांच्या गोलंदाजीने मात्र आपले काम चोख केले. पुण्याच्या हिंदू संघाला विजय मिळू लागले. त्यांच्या एका विजयानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळू यांचा जाहीर सत्कार केला. ज्याच्याबरोबर आपण खेळतो, त्याच्याबरोबर खाणेपिणेही करावे, असा विचार त्या प्रसंगी रानडे यांनी मांडल्याचे सांगितले जाते. लोकमान्य टिळकांनीही बाळू यांचे जाहीर कौतुक केले. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर परस्परांशी वाद घालणाऱ्या या दोन थोर पुढाऱ्यांनी एकाच खेळाडूचा गौरव केला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

४. मुंबईचा सामना

पुण्यात प्लेगची साथ आली, त्या सुमारास बाळू मुंबईस आले. तेथे त्यांना रेल्वे कंपनीत नोकरी मिळाली व ते कंपनीच्या संघातून खेळू लागले. मुंबईच्या हिंदू जिमखान्यातही त्यांना प्रवेश मिळाला. त्या वेळीही काही सभासदांनी कुरकुर केली. परंतु या वेळी तिचा निकाल लवकर लागला. पुण्याच्या मानाने मुंबईतील वागणूकही काहीशी मोकळी होती.

त्या काळातील मुंबईचे क्रिकेट आजच्यासारखे नव्हते. संघ शहरांचे किंवा राज्यांचे नसत; ते धर्माच्या आणि वंशाच्या नावाने उभे केले जात. १८९२ पासून युरोपीय आणि पारशी यांच्यात दरवर्षी सामना होत असे. हिंदू संघ त्यात १९०७ साली आला आणि सामने तिरंगी झाले. १९१२ पासून मुस्लिम संघही उतरला, तेव्हा ते चौरंगी झाले. आपला देश पारतंत्र्यात होता आणि भारताचा अधिकृत क्रिकेट संघ अद्याप अस्तित्वात नव्हता. त्यामुळे राज्यकर्त्या युरोपीयांविरुद्धच्या सामन्याला दोन राष्ट्रांमधील सामन्याचेच महत्त्व येत असे.

हिंदू संघाने युरोपीय संघाला आव्हान दिले आणि फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबई जिमखान्याच्या मैदानावर सामना ठरला. आदल्या वर्षी वंगभंग झाला होता आणि स्वदेशीची चळवळ जोरात होती. जपानने रशियाला नमवल्याची बातमीही ताजी होती. आशियातील लोक युरोपीयांना हरवू शकतात, ही जाणीव हवेत होती. अशा वेळी संघ निवडताना जातीकडे पाहून भागणार नव्हते. हिंदू संघात बाळू होतेच. त्यांच्याबरोबर त्यांचे बंधू शिवराम यांनाही घेण्यात आले.

हिंदू संघाने पहिल्या डावात २४२ धावा केल्या, तर युरोपीय संघाचा डाव १९१ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात हिंदू संघाला १६० धावा करता आल्या. विजयासाठी युरोपीयांना २१२ धावा हव्या होत्या. पण त्यांचा डाव अवघ्या १०२ धावांवर संपला. हिंदू संघ १०९ धावांनी विजयी झाला. या विजयात बाळू यांच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. मैदानाभोवती जमलेल्या हजारो प्रेक्षकांच्या आनंदाला पारावार उरला नाही.

'इंडियन सोशल रिफॉर्मर' या मुंबईच्या सुधारणावादी साप्ताहिकाने या विजयाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. युरोपीयांचा पराभव झाला, यापेक्षा पालवणकर बंधूंना संघात घेतले गेले, ही गोष्ट त्याला अधिक मोलाची वाटली. खेळात जो धडा गिरवला, तोच समाजाने इतर क्षेत्रांतही गिरवावा, अशी अपेक्षा त्याने व्यक्त केली. ही अपेक्षा योग्य होती. पण ती क्रिकेटच्या मैदानावरही सहजासहजी पुरी झाली नाही.

५. इंग्लंडचा दौरा

१९११ साली प्रथमच सर्व भारताचा म्हणून एक संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग हे त्याचे कप्तान होते. संघात पारशी, हिंदू आणि मुसलमान खेळाडू होते. बाळू आणि शिवराम या दोघांचीही निवड झाली. महाराजांना कप्तानपद मिळाले ते त्यांच्या पदामुळे आणि संपत्तीमुळे. बाळू यांना जागा मिळाली ती केवळ त्यांच्या डाव्या हातामुळे.

भारतीय संघाला तेथील हवामान आणि खेळपट्ट्या अपरिचित होत्या. तेवीस सामन्यांपैकी सहा जिंकले, पंधरा हरले आणि दोन अनिर्णित राहिले. अपयशाच्या या दौऱ्यात एक गोष्ट मात्र उठून दिसली. पस्तिशी गाठलेल्या बाळू यांनी दौऱ्यात ११४ बळी घेतले. लेस्टरशायरविरुद्धच्या विजयात त्यांनी मोलाचा वाटा उचलला. सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी शतक काढले आणि तो सामना भारताने एका गड्याने जिंकला.

दौऱ्यानंतर बाळू यांचे नाव सर्वतोमुखी झाले. दलित समाजातील तरुणांना त्यांचा विशेष अभिमान वाटे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनाही तरुणपणी त्यांच्याविषयी आदर होता. पुढे राजकारणात दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९३२ च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. तर १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत बाळू हे काँग्रेसच्या वतीने आंबेडकरांच्या विरोधात उभे राहिले आणि पराभूत झाले.

६. कप्तान कोण?

गोलंदाज म्हणून बाळू यांना सर्वांनी मान्यता दिली. आता प्रश्न होता कप्तानपदाचा. कप्तान संघाला आज्ञा देतो. कोणी कोठे उभे राहायचे, कोणी केव्हा गोलंदाजी करायची, हे तो ठरवतो. चर्मकार समाजातील माणसाने उच्चवर्णीय खेळाडूंना आज्ञा द्यावी, ही गोष्ट अनेकांच्या पचनी पडत नव्हती. अनुभव, वय आणि कर्तृत्व या तिन्ही कसोट्यांवर बाळू यांचा अधिकार निर्विवाद होता. तरीही दरवर्षी कप्तानपद दुसऱ्याकडे जात असे. १९१३ साली एम. डी. पै यांची कप्तान म्हणून निवड झाली. त्यांच्या सत्काराच्या प्रसंगी, हा मान खरे तर बाळू यांना मिळायला हवा होता, असे पै यांनीच मोकळेपणाने सांगितले.

१९२० साली हा प्रश्न उफाळून आला. कप्तान पै आजारी असल्याने पहिला सामना खेळू शकणार नव्हते. बाळू यांना संघातून वगळण्यात आले आणि कप्तानपदासाठी शिवराम किंवा विठ्ठल यांचाही विचार झाला नाही. तेव्हा या दोघा बंधूंनी संघातून माघार घेतली आणि जाहीर पत्रक काढून आपली बाजू मांडली. आपल्यावर झालेला अन्याय खेळातील गुणांमुळे नसून जातीमुळे झाला आहे, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. ज्या संघात प्रवेश मिळवण्यासाठी थोरल्या बंधूने इतकी वर्षे झीज सोसली, त्याच संघाला नकार देणे सोपे नव्हते. मात्र या नकाराचा परिणाम झाला. पुढच्या सामन्यात पै परतले, बाळू यांना उपकप्तान नेमण्यात आले आणि दोघे बंधूही संघात आले. सामन्यात पै मधून मधून स्वतःहून मैदानाबाहेर गेले आणि त्या काळात बाळू यांनी संघाचे नेतृत्व केले. अधिकृत कप्तानपद मात्र बाळू यांना अखेरपर्यंत मिळाले नाही.

ते मिळाले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना. विठ्ठल हे उत्कृष्ट फलंदाज होते. १९२३ साली हिंदू संघाच्या कप्तानपदी त्यांची निवड झाली आणि त्या वर्षीच्या चौरंगी सामन्यांत त्यांच्या संघाने युरोपीयांना हरवून विजेतेपद मिळवले. सामना संपल्यावर लोकांनी विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतले. त्या गर्दीत सर्व जातींचे लोक होते. विठ्ठल यांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. बाळू पालवणकर यांचे १९५५ साली मुंबईत निधन झाले.

७. निवडीचे तीन टप्पे

या हकिकतीकडे एकत्रित पाहिले, तर निवडीचे तीन टप्पे दिसतात. पहिला टप्पा संघात जागा मिळण्याचा. दुसरा टप्पा संघातील इतरांबरोबर एका पंगतीत बसण्याचा. तिसरा टप्पा संघाचे नेतृत्व करण्याचा. बाळू यांना पहिला टप्पा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गाठता आला. तिसरा टप्पा गाठण्यास त्यांच्या कुटुंबाला १९२३ साल उजाडावे लागले.

पहिला टप्पा तुलनेने लवकर का गाठला गेला? कारण तेथे निवड करणाऱ्याची स्वतःची गरज होती. सामना जिंकायचा असेल तर उत्तम गोलंदाज हवाच होता. शेजारी बसवून चहा दिल्याने मात्र एकही बळी वाढणार नव्हता. म्हणून तेथे रूढी टिकून राहिली. कप्तानपद देताना तर आपला अधिकार सोडावा लागत होता. म्हणून तेथे विरोध सर्वांत कडवा झाला. गरजेपोटी दिलेली समता गरज संपेल तेथे थांबते. पुढचे टप्पे गाठण्यासाठी निवड करणाऱ्याची न्यायबुद्धी लागते आणि ती जागी नसेल, तर शिवराम आणि विठ्ठल यांच्याप्रमाणे ठामपणे नकार देणारी माणसे लागतात.

असे अन्यत्रही घडले आहे. ज्या दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाचा उल्लेख पाठाच्या आरंभी आला, त्या संघात वर्णभेदामुळे अनेक दशके केवळ गोऱ्या खेळाडूंनाच प्रवेश होता. १९८१ साली एरॉल टोबायस हे त्या संघातून अधिकृत कसोटी सामना खेळणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. त्यानंतर कृष्णवर्णीय कप्तान मिळण्यास २०१८ साल उजाडले. प्रशिक्षक रासी इरॅस्मस यांनी त्या वर्षी सिया कोलिसी यांना कसोटी संघाचे कप्तान नेमले. कोलिसी यांचे बालपण गरीब वस्तीत गेले होते. या नेमणुकीवर शंका घेणारे लोक होते. कोलिसी यांच्या नेतृत्वाखाली दक्षिण आफ्रिकेने २०१९ आणि २०२३ असे सलग दोन विश्वचषक जिंकले. तेथेही संघातील जागा आणि संघाचे नेतृत्व यांत सदतीस वर्षांचे अंतर पडले.

बाळू जिंकून देत होते म्हणून त्यांना मान मिळायला हवा होता, असे म्हणणे मात्र पुरेसे नाही. ज्या दिवशी त्यांना एकही बळी मिळाला नसता, त्या दिवशीही इतरांसारख्याच पेल्यातून चहा घेण्याचा त्यांचा हक्क होता. संघातील जागा गुणांवर मिळते. माणूस म्हणून मिळणारी प्रतिष्ठा गुणांवर अवलंबून नसते. निवड करणाऱ्याने या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ओळखल्या पाहिजेत.

तुम्ही काय शिकलात?

– संघनिवडीत केवळ वैयक्तिक गुण नव्हे, तर संघाची गरज, मैदान आणि प्रतिस्पर्धी यांचाही विचार करावा लागतो.
– बाळू पालवणकर यांनी खेळपट्टीवर काम करता करता गोलंदाजीची कला आत्मसात केली.
– पुण्यामुंबईच्या हिंदू संघांनी रूढी बाजूला ठेवून त्यांना संघात घेतले. १९०६ चा विजय हे त्या निवडीचे फळ होते.
– संघात घेतल्यानंतरही चहापाणी, भोजन आणि कप्तानपद यांबाबत त्यांना भेदभाव सोसावा लागला.
– १९२० साली पालवणकर बंधूंनी केलेल्या निषेधामुळे आणि १९२३ साली विठ्ठल यांना मिळालेल्या कप्तानपदामुळे समतेची वाट पुढे गेली.

पाठान्त प्रश्न

१. 'संघ म्हणजे केवळ उत्तम खेळाडूंची बेरीज नव्हे' हे विधान दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. पुण्याच्या हिंदू क्लबातील सभासदांपुढे कोणता पेच होता? तो कसा सुटला?
३. 'निर्णय झाला, पण तो अर्धाच झाला,' असे लेखात का म्हटले आहे?
४. १९०६ च्या सामन्याला दोन राष्ट्रांमधील सामन्याचे महत्त्व का आले होते?
५. शिवराम व विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली, हे योग्य होते का? तुमचे मत सकारण लिहा.
६. तुमच्या कामाच्या ठिकाणी किंवा गावात झालेली एखादी निवड आठवा. तिच्यात पाठातील तीन टप्प्यांपैकी कोणते टप्पे गाठले गेले, ते दहा ओळींत लिहा.